दर्शनाच्या छोट्या फायली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिच्याशी तर त्यापायी आणखी एक खोटं बोललो. तुम्हाला सांगतोय, आणि खरं सांगू? सांगताना अजूनही अंगावर काटा येतो — चक्क आनंदाचा!

खोपोलीत शिळफाट्याला, दुकानांच्या वर, आमचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस. आम्ही लिहिलेले तुकडे जोडून त्यांचा चालता प्रोग्राम बनवणारी एक यंत्रणा असते. तिची सेटिंग्ज कुठे ठेवायची, ते ठरवायचं होतं. मी तिथला सगळ्यांत जुना. माझं म्हणणं — एकच मोठी फाईल, सगळं एका जागी. दर्शना नवी, खालापूरकडच्या गावातली. ती म्हणाली, प्रत्येक सेटिंगची वेगळी छोटी फाईल ठेवू. एक बदलली, तर तिच्याशी संबंध असलेले तुकडेच पुन्हा जोडायचे, बाकीच्यांना हात नाही. सुट्ट्या घालवून तिनं ते सगळं लिहून आम्हाला पाठवलंही होतं.

मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "कुणी चालवून बघितलं का?"

आणि मी — मला एकट्याला विचारलं होतं का? — पटकन बोलून गेलो, "मी बघितलं. मध्येच बंद पडतं."

मी ते उघडलंसुद्धा नव्हतं.

"दादा, कुठं अडकतंय?" दर्शनानं विचारलं.

"अगं, बऱ्याच ठिकाणी."

तिनं मान खाली घातली. माझी फाईल ठरली.

पुढच्या रविवारी पळसदरीला घरी, जेवणं आटोपल्यावर, तिचं काम चालवायला घेतलं. कशासाठी? ते खरंच बंद पडावं म्हणून! एक सेटिंग बदलली, बटण दाबलं — आणि झालं! पाण्याचा तांब्या तोंडाला लावेपर्यंत झालं! छे, काहीतरी चुकलं असणार. दुसरी बदलली. झालं! मग वेडंवाकडं काहीही बदलत सुटलो — आणि ते पठ्ठं नेमके तेवढेच तुकडे उचलायचं, बाकीच्यांना ढुंकून बघायचं नाही. इतक्या वर्षांत असं देखणं काम मी पाहिलं नव्हतं. धावतच स्वयंपाकघरात गेलो. "चाललं गं, चाललं!"

बायको हसायला लागली. "काय एवढं? तुमी बनवलंय?"

"हो," म्हणालो. किती सहज!

सोमवारी ऑफिसात गेलो तो अजून त्याच धुंदीत. दर्शना तिच्या सेटिंग्ज एकेक करून माझ्या फाईलीत भरत बसली होती. मला पाहून म्हणाली, "दादा, बरं झालं तुमी आदीच बगितलंत. नायतर माज्यामुळं सगळ्यांचं काम अडलं असतं."

शब्द अगदी ओठांवर आले होते. "चल, चहा घेऊ," एवढंच म्हणालो.

त्यानंतर तिनं नवीन काही सुचवलं नाही. माझ्या फाईलीत आजही एक शब्द बदलला, की यंत्रणा सगळे तुकडे पहिल्यापासून जोडायला घेते. तोवर आम्ही सगळे हातावर हात ठेवून बसतो.

दर्शनाही बसते.