बन्सी वायंडरचं लिकेज

फिजिओथेरपीच्या मनिषा मॅडमनी बन्सीचा उजवा हात उशीवर ठेवला, आपली दोन बोटं जुळवली आणि त्याच्या तळहातापासून कोपराच्या दिशेनं टिचक्या मारत निघाल्या. बीडच्या दवाखान्यात दर पंधरा दिवसांनी हेच चालायचं.

"काही वाटतंय, बन्सीभाऊ? झिणझिण्या? मुंग्या?"

"न्हाई."

"इथं?"

"न्हाई, मॅडम."

मनगटाच्या जरा वर टिचकी पडली आणि त्याच्या अंगठ्यात आणि शेजारच्या दोन बोटांत हजार मुंग्यांनी एकदम तोंड घातलं. बन्सीच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही. बावीस वर्षं त्यानं विजेचे झटके खाल्ले होते. गिऱ्हाइकाशी बोलताना झटका बसला तरी वाक्य तोडायचं नाही, ही त्याची जुनी सवय.

"न्हाई," तो म्हणाला.

मॅडमनी कागदावर आडवी रेघ ओढली. त्याच्या खोट्याची ती सहावी रेघ होती.

बन्सी ओव्हाळ मूळचा नांदूरघाटचा. आयटीआय करून त्यानं वाळूजच्या एका कंपनीत तीन वर्षं काढली. तिथं यंत्र तार गुंडाळायचं आणि हा यंत्राकडं बघत उभा राहायचा. बघण्याचा पगार त्याला पचेना. मग गेवराईत हायवेच्या कडेला त्यानं मोटारी भरायचं दुकान टाकलं. विहिरीवरची नाहीतर बोअरमधली मोटार जळाली की ती त्याच्याकडं यायची. काळी पडलेली तार उपटायची, लोखंडी खाचांत नवा कागद बसवायचा आणि तांब्याची बारीक तार शेकडो वेढ्यांनी पुन्हा भरायची. दारावरून ट्रक गेले की दुकानाचा पत्रा थरथरायचा. त्या गोंगाटात कान निकामी असायचे आणि डोळ्यांना खाचेच्या आत दिसत नसायचं. काम करायची ती बोटं. तारेवरचा लाखेचा थर कुठं नखाएवढा जरी खरवडला असला तरी ते चिमटीला कळायचं. वेढे तो तोंडानं मोजत नसे. अंगठा मोजायचा. लोक त्याचं आडनाव विसरले, वायंडिंग करणारा म्हणून 'बन्सी वायंडर' म्हणू लागले.

मार्च महिन्यात, मोटारी जळायच्या ऐन दिवसांत, ग्राइंडरचं पातं फुटलं आणि त्याचा तुकडा मनगटाच्या वर चार बोटांवर हातात घुसला. बीडच्या डॉक्टरांनी दुर्बिणीखाली, केसाहून बारीक दोऱ्यानं, तुटलेली नस जोडली. हे ऐकून बन्सीला बरं वाटलं होतं. डॉक्टर आपल्याच धंद्यातला निघाला.

पण प्लॅस्टर निघालं आणि त्यानं चिमूट धरून पाहिली, तर हाताला काही कळेना. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट परक्या माणसाची असल्यासारखी. करंगळीशेजारचं बोट तर अर्धंच मेलेलं, एका कडेनं त्याचं, दुसऱ्या कडेनं कुणाचंच नाही. माणूस असा उभा चिरता येतो, हे त्याला माहीत नव्हतं.

तारेचा सांधा मारला की करंट पुढं जातो, त्याच क्षणी. गेला नाही तर सांधा फसला. बन्सीला याहून वेगळा नियम ठाऊक नव्हता, आणि चकलांब्याच्या आप्पांना तरी कुठला असणार? आप्पा त्याचे पंधरा वर्षांचे गिऱ्हाईक. जळालेली मोटार टेम्पोत टाकून ते दुकानावर आले, अर्धं शटर बघून खाली वाकले आणि आत येऊन स्टुलावर बसले.

"नस जोडली न्हवं?"

"जोडली."

"मंग करंट कावून न्हाई बे?"

"टाइम लागतो म्हन्त्यात."

"टाइम? तू माजी मोटार भरून बटन दाबल्यावर मला म्हनला असता का, आप्पा, सा म्हैने थांबा, पानी येईल?"

बन्सी हसला.

"मोटार शेजारच्या दुकानात टाका आप्पा. पानी द्यायचं असंल तुमाला."

"त्याच्याकडं? त्यानं भरलेली मोटार बैलावानी हंबरती." आप्पांनी टेम्पोवाल्याला हात केला. "थांबतो मी. ऊस लई हाय, तरी दुसऱ्या बोअरवर भागवतो. पर तू डॉक्टरला नीट इचार. सांधा उघडून बगा म्हनावं."

आप्पा निघून गेले. ते शेवटचं वाक्य दुकानातच राहिलं.

कारण मुंग्या तेव्हा सुरू झाल्या होत्या. आधी जखमेच्या खुणेवरच. तिथं बोट आपटलं की बोटांच्या टोकांपर्यंत झण्ण. बन्सीला त्याचा अर्थ लगेच कळला. मोटार भरून झाली की तो दिव्याची तार तिच्या लोखंडाला लावून बघायचा. दिवा लागला नाही तर काम चोख. जरा जरी मिणमिणला तर आत कुठंतरी तार उघडी पडलेली, करंट नको तिथं झिरपतोय. लिकेज. अशी मोटार तो दुसरा विचार न करता उघडायचा, सगळी तार पुन्हा उपटायचा. डॉक्टरही तेच करणार. आणि दुसऱ्यांदा उपटल्यावर मोटारीच्या खाचा पहिल्यासारख्या राहत नाहीत, हेही त्याला माहीत होतं.

म्हणून तो गप्प राहिला. मात्र कारागीर होता, दोष दिसल्यावर तो मोजल्याशिवाय राहवेना. खाचांत घालायच्या जाड कागदाची एक पट्टी त्यानं कापली. दर रविवारी पट्टीचं टोक जखमेच्या खुणेला लावायचं, डाव्या हातानं टिचक्या मारत जायचं आणि मुंग्या उठतील तिथं पेनानं रेघ मारायची. रेघ दर आठवड्याला खाली सरकायची. लिकेज उतरत होतं, ओल भिंतीतून उतरते तसं. एक दिवस ते बोटांच्या टोकाला पोचेल आणि मग सगळा हात आतून जळालेला असेल, असं त्याला वाटायचं. ती पट्टी तो शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायचा. बायकोलाही, पौर्णिमाला, त्यानं ती दाखवली नव्हती.

जुलैत मोठ्या डॉक्टरांनी त्याची फाइल पाहिली. यंत्रावर नसेची तपासणीही झाली होती. अंगठ्याखालच्या गादीत अजून हालचाल नव्हती, पण ती इतक्या लवकर येतही नाही, असं ते म्हणाले. मग आडव्या रेघांचा कागद त्यांनी दोनदा वाचला.

"चार महिने झाले आणि झिणझिण्या एकदाही नाहीत. जोड धरलेला दिसत नाही. पुढच्या आठवड्यात उघडू. लागलं तर पायातली नस काढून मध्ये बसवू."

डॉक्टर पुढच्या पेशंटकडं गेले, मनिषा मॅडम फॉर्म भरायला थांबल्या. बन्सी खुर्चीतच बसून राहिला. ज्याच्या भीतीनं तो खोटं बोलला, नेमकं तेच समोर आलं होतं.

पौर्णिमा शेजारीच होती. ती अंगणवाडी सेविका, प्रश्न विचारायला लाजणारी नव्हे. "मॅडम, पुन्हा उघडलं म्हंजे किती दिवस?"

"मोजणी पहिल्यापासून," मनिषा मॅडम म्हणाल्या. "वर्ष धरा. तोवर अंगठ्याचा स्नायू किती टिकेल, सांगता येत नाही."

"पर एवढा टाइम लागतोच कशाला? जोडली ना नस?"

मॅडमनी फॉर्म उलटा केला आणि पाठीमागं एक लांब नळी काढली. "नस तुटली की तुटीच्या पुढचा धागा मरतो, वहिनी. जोडला तरी मरतो. डॉक्टर जोडतात ती फक्त नळी. आत नवा धागा मागच्या टोकापासून उगवावा लागतो. दिवसाला साधारण एक मिलिमीटर."

"उगवावा लागतो?" बन्सीनं मान वर केली.

"हो. रिकाम्या नळीत ज्या पेशी असतात ना, श्वान पेशी, त्या..."

"कुत्र्याच्या?"

मॅडमना हसू आलं. "नाही हो, श्वान शास्त्रज्ञाचं नाव. पण तुम्ही म्हणता तेही बसतं. त्या पेशी मेलेला धागा साफ करतात आणि मग एक रसायन सोडायला लागतात. ते म्हणजे बोलावणं. मागच्या टोकाला त्याचा वास लागल्यासारखं होतं, तिथं कोंब फुटतो आणि तो कोंब हुंगत हुंगत नळीतून पुढं सरकतो. बोलावणं थांबलं तर कोंबही थांबतो."

बन्सी त्या चित्राकडं बघत राहिला. त्याच्या हातात, कातडीखाली, अंधारात कुणीतरी कुणाला हाका मारत होतं आणि कुणीतरी आंधळ्यासारखं चालत निघालं होतं. आणि वरून तो त्याला लिकेज म्हणत होता.

"आन मुंग्या?" त्यानं विचारलं.

"मुंग्या म्हणजे त्या कोंबाचं टोक. त्यावर अजून आवरण चढलेलं नसतं. उघडंच असतं, म्हणून टिचकी मारली की झण्ण होतं. आम्ही टिचक्या मारतो ते कोंब कुठं पोचला ते शोधायला."

उघडी तार. बावीस वर्षं त्यानं जिचा द्वेष केला, ती.

कबूल करणं सोपं नव्हतं. सहा वेळा तो या बाईच्या डोळ्यांत बघून खोटं बोलला होता. आता सांगितलं तरी तिनं ते का मानावं? ऑपरेशन चुकवायला माणूस काहीही बोलतो. त्यानं डाव्या हातानं खिसा चाचपला आणि पट्टी टेबलावर ठेवली.

"मॅडम, मी खोटं बोलत व्हतो. मुंग्या येत्यात. मेपासून येत्यात. मला वाटलं लिकेज हाय."

"काय?"

"तार उघडी पडली आसंल, तुमी फाडसाल, म्हनून... ह्या रेघा. दर आइतवारी एक."

"माज्याशीबी खोटं?" पौर्णिमा म्हणाली. "मी हाताला तेल चोळता चोळता इचारायचे, काही कळतंय का, तर दगडावानी तोंड करून बसायचा ह्यो मानूस!"

मनिषा मॅडमनी ड्रॉवरमधली फूटपट्टी काढली आणि दोन रेघांमधलं अंतर मोजलं. मग पुढच्या दोन. सात मिलिमीटर. सात. साडेसहा. परत सात. त्यांनी त्याचा हात ओढला, मनगटाच्या घडीपाशी टिचकी मारली, आणि या वेळी बन्सीनं चेहरा सोडून दिला. त्याच्या तोंडून "आई गं!" निघालं, डोळ्यांत पाणी आलं.

"बसा इथंच," म्हणत मॅडम पट्टी घेऊन डॉक्टरांच्या मागं धावल्या.

ऑपरेशन रद्द झालं. डॉक्टरांनी त्याला जे काही सुनावलं ते त्यानं मान खाली घालून ऐकलं.

डिसेंबरात कोंब अंगठ्याच्या टोकाला पोचले, पण सगळेच नीट पोचले नव्हते. काही शेजारच्या नळीत शिरले होते. अंगठ्याला शिवलं की मधल्या बोटाला कळायचं. मेंदूला नवे पत्ते शिकवावे लागतील, वर्ष-दोन वर्षं जातील, आणि चिमूट पहिल्यासारखी होईलच असं नाही, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं. आप्पांची मोटार अखेर शेजारच्या दुकानात गेली. बन्सी आता पंख्यांच्या लहान मोटारी भरतो, बोटांवर नजर ठेवून, तोंडानं वेढे मोजत. दिवसाला एक होते.

संध्याकाळी पौर्णिमा त्याला ओट्यावर बसवते, डोळे मिटायला लावते आणि अंगणवाडीतल्या खडूनं एकेक बोट शिवते.

"कंचं?"

"मधलं."

"अंगठा. आता?"

"अंगठा."

"बरोबर. आता?"

"पयलं बोट."

"दोन धरलेत मी."

"हे चीटिंग हाय!"

"आमच्यात असं केलं की लेकरं खूश होत्यात."

"मी लेकरू हाय का?"

"दहापैकी तीन. लेकरू बरं."

"काल दोन व्हते," बन्सी म्हणाला आणि त्यानं डोळे परत मिटले.