टाकीतलं गोड पाणी

त्यांना सगळे फिल्टरदादा म्हणत. नाव चेष्टेतून पडलं होतं, पण दादांना ते मनापासून आवडायचं. हमरस्त्याला लागून त्यांची पत्र्याची शेड होती आणि तिथे मोटरहोम दुरुस्तीला येत. म्हणजे ज्या गाडीत झोपायला पलंग, स्वयंपाकाला ओटा आणि अंग चोरून उभं राहावं लागेल एवढी मोरी असते, ती गाडी. इंजिनाचं काम शेजारचा मेकॅनिक बघायचा. दादांकडे फक्त पाणी: पलंगाखालची टाकी, पंप, गीझर, नळ आणि या सगळ्यांना जोडणारे पाइप.

पाण्यावर बोलायला लागले की मात्र दादांना आवरणं कठीण. गिऱ्हाईक किल्ली घ्यायला आलं की आधी प्रवचन. पिण्याच्या पाण्याचा पाइप पांढरा, संडासाची टाकी धुवायचा काळा, दोघांची पिशवी वेगळी, कप्पाही वेगळा. पाइपाचं तोंड जमिनीला टेकवायचं नाही, काम झालं की लगेच टोपण लावायचं. गाडी बरेच दिवस उभी असेल तर टाकी रिकामी करून क्लोरीनचं औषध घालून भरायची, एकेक नळ औषधाचा वास येईपर्यंत सोडायचा, रात्रभर तसंच ठेवायचं, मग सगळं सोडून देऊन खळखळून धुवायचं. पाणी दिसायला तर स्वच्छ आहे, असं कोणी म्हणालं की दादांचा पारा चढे. मेकॅनिक म्हणायचा, दादांच्या गाडीतलं पाणी प्यायचं तर आधी परीक्षा पास व्हावी लागते.

त्यांची एकुलती एक लेक हे प्रवचन ऐकतच लहानाची मोठी झाली. लग्न होऊन ती चांगल्या घरी पडली. जावई समजूतदार, व्याही शांत, फक्त विहीणबाईंचं नाक फार तिखट. दादा घरच्या पिण्याच्या पाण्यातही औषधाचे थेंब टाकत. पहिल्यांदा विहीणबाई त्यांच्या घरी आल्या तेव्हा पाण्याचा पेला तोंडाशी नेऊन त्यांनी तसाच खाली ठेवला. "औषधाचा वास येतोय हो याला," एवढंच म्हणाल्या. त्यात कुचकेपणा काही नव्हता. पण लेकीचा चेहरा पडला आणि दादांच्या ते जिव्हारी लागलं. ज्या पाण्याचा आयुष्यभर तोरा मिरवला, ते भरलेल्या पेल्यात टेबलावर तसंच राहिलं होतं.

पुढे व्याह्यांनी एक जुनी मोटरहोम विकत घेतली. आधीच्या मालकाच्या घरामागे ती कित्येक महिने नुसती उभी होती. घरचा माणूस असताना दुसरीकडे कशाला जायचं, असं म्हणून व्याही गाडी थेट दादांच्या शेडमध्ये घेऊन आले. लेकीच्या सासरचे सगळे मिळून फिरायला जाणार होते, अगदी दोन वर्षांच्या नातवासकट. दादांना आभाळ ठेंगणं झालं.

त्यांनी टाकीचं झाकण काढून बॅटरी मारली. तळाला बुळबुळीत थर होता. दुसऱ्या कोणाची गाडी असती तर त्यांनी डोळे झाकून औषध ओतलं असतं. या वेळीही बाटली हातात घेतली, टोपण उघडलं, आणि त्यांना विहीणबाईंचं नाक आठवलं. कितीही धुतलं तरी पहिल्या एकदोन भरण्यांना पाइपात थोडा वास राहतोच. पुन्हा तो पेला, पुन्हा लेकीचा तो चेहरा. दादांनी टोपण लावून बाटली फळीवर ठेवली. हात पोचेल तिथवर फडक्याने पुसलं, साध्या पाण्याने टाकी पुन्हापुन्हा विसळली आणि भरताना पाइपाला कोळशाचं फिल्टर जोडलं. त्याने पाण्याला चव छान येते. पण नळाच्या पाण्यात जे काही क्लोरीन असतं तेही ते काढून घेतं, मग टाकीत पाण्याला राखणदार कोणी उरत नाही. हे दादांनीच गिऱ्हाइकांना शेकडो वेळा सांगितलेलं. एवढ्याने काय होतंय, असं ते स्वतःशी म्हणाले. हेच वाक्य दुसऱ्या कोणाच्या तोंडून आलं असतं तर त्याची खैर नव्हती.

गाडी न्यायला सगळे आले तेव्हा विहीणबाईंनी ओट्यावरच्या नळाचं पाणी चाखलं, पेला पूर्ण रिकामा केला आणि पाणी गोड आहे म्हणून सांगितलं. दादांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. लेक त्यांच्याकडे बघून हसली. त्या दिवशी प्रवचन झालं नाही. दादांच्या बायकोने आश्चर्याने विचारलं तेव्हा, घरच्या माणसांना काय शिकवायचं, म्हणून त्यांनी विषय उडवून लावला.

दोन दिवस बरे गेले असतील नसतील, तोच जावयाचा फोन आला. सगळ्यांचीच पोटं बिघडली होती. नातवाला उलट्या आणि जुलाब दोन्ही, अंगात ताप. काहीतरी बाधलं असावं, पण काय ते कळत नाही, असं जावई म्हणत होता. दादांना तत्क्षणी कळलं. फळीवरची बाटली समोरच दिसत होती. 'पाणी' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि तोंडातून भलतंच निघालं.

"वाटेत घेतलेली भाजी नीट धुतली होती का?"

जावयाने तोच प्रश्न गाडीत मोठ्याने विचारला. मागून विहीणबाईंचा आवाज आला की सुनेने काकड्या घाईघाईत चिरल्या, त्यांनी तेव्हाच टोकलं होतं. लेक काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मग दादांनी पोराला मीठसाखरेचं पाणी भरपूर पाजायला सांगितलं, सारखं पाजत राहा म्हणाले. उकळून, हा एक शब्द त्यांच्या घशाशी आला होता. पण उकळून म्हटलं की का, असं कोणीतरी विचारणार. तो शब्द त्यांनी गिळला आणि फोन ठेवला.

त्यानंतर ते शेडमध्ये नुसते येरझाऱ्या घालत राहिले. आजारपणात विकतच्या बाटलीतलंच पाणी देत असतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. ती काही पटेना. फोन करायला हात जाई आणि मागे येई. आपण इतके भित्रे आहोत हे दादांना या वयात कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाचा पुन्हा फोन आला. नातवाला दवाखान्यात ठेवलं होतं, सलाइन लावलं होतं. या वेळी मात्र दादांनी टाकीतलं पाणी कोणी पिऊ नका, एवढं एका दमात सांगितलं. का, ते येऊन सांगतो म्हणाले, आणि मिळेल ती बस पकडली. वाटभर त्यांना एकच गोष्ट खात होती. नातवाच्या जिवापेक्षा आपल्याला आपलं नाव मोठं वाटलं, तेही रात्रभर.

दवाखान्याच्या बोळात बाकावर व्याही डोकं भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या पलीकडे लेक सासूबाईंसमोर उभी होती. केस विस्कटलेले, ओढणी कशीबशी खांद्यावर. चुकलंच माझं, पुढच्या वेळी भाजी स्वतः दोनदा धुवून घेईन, असं ती खाली बघून सांगत होती. विहीणबाई नाही म्हणत नव्हत्या. चोरी आपली आणि माफी लेक मागतेय, हे बघून दादांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"तिचं काही चुकलेलं नाही," दादा म्हणाले. "टाकीत औषध घालायला हवं होतं. मी घातलं नाही. वास येईल, तुम्ही पुन्हा पेला खाली ठेवाल, म्हणून घातलं नाही. आणि काल फोनवर मला सगळं कळलं होतं. तरी मी भाजीवर ढकललं."

विहीणबाई रागावतील, चार शब्द सुनावतील, असं दादांना वाटलं होतं. तसं झालं असतं तर त्यांना हलकं तरी वाटलं असतं. पण त्यांनी नुसता पदर तोंडाला लावला. "माझ्या नाकापायी?" त्या हळूच म्हणाल्या, आणि सुनेचा हात धरून तिला बाकावर आपल्या शेजारी बसवलं. व्याही मात्र उठले. शांत माणूस, आवाज चढला नाही.

"चूक कोणाचीही होते हो," ते म्हणाले. "पण काल फोन तुमच्या हातात होता."

दादांनी मान खाली घातली.

दुपारी डॉक्टरांनी पोराला धोका नसल्याचं सांगितलं, एकदोन दिवसांत घरी नेता येईल म्हणाले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. नातवाचे कपडे आणायला लेक खाली उभ्या असलेल्या गाडीकडे निघाली तेव्हा दादा तिच्या मागोमाग गेले. आता निदान टाकी तरी नीट करून द्यावी, एवढंच त्यांना सुचत होतं. त्यांनी पलंगाची फळी उचलली, टाकीचा खालचा नळ सोडला आणि पाणी गटाराकडे वाहू लागलं. काय काय धुवायला लागेल, गीझरही कसा रिकामा करायला हवा, हे ते उगाच सांगत सुटले. लेक कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. ओट्याच्या कोपऱ्यात पाण्याच्या बाटल्यांचं एक खोकं होतं, वरचा प्लास्टिकचा कागदही न फाडलेलं. दादांची नजर त्यावर गेली आणि ते बोलायचे थांबले.

"ह्यांनी आणल्या होत्या," लेक म्हणाली. तिने हातातला इवलासा सदरा पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली. "काल तुमचा फोन झाल्यावर लगेच जाऊन घेऊन आले. म्हणाले, पिल्लाला हेच देऊ या. मीच नको म्हटलं, बाबा. म्हटलं, टाकी बाबांनी भरलीय, बाटलीतल्या पाण्याचा काय भरवसा?"