नंदी नसलेल्या दारात

देवावरचा माझा विश्वास उडाला होता, हे आधीच सांगून टाकते. भावकीतल्या मारामारीत एकाचा जीव गेला आणि खुनाच्या आरोपाखाली आमचे हे आणि मी, दोघंही आत गेलो. चार वर्षांनी निर्दोष सुटलो. तुरुंग एकच, ते पुरुषांकडे, मी बायकांकडे, मधे भिंत. त्यांना भेटायला सासूबाई नेमाने यायच्या. मुलाखतीच्या दिवशी नावं पुकारायचे, पण चार वर्षांत माझं नाव एकदाही आलं नाही. माहेरच्यांनी तर मी मेलेच असं धरलं. बराकीतल्या बहुतेक जणींची हीच गत होती.

सिन्नरजवळच्या आमच्या गावी परतलो आणि कळलं, दोघंही धड आलो नव्हतो. दार दिसलं की हे थांबायचे. सताड उघडं असलं तरी! कोणी 'जा' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत, पाणीसुद्धा विचारून प्यायचे. आणि तुरुंगात चढलेला माझा आवाज काही उतरेना. मी पक्कं ठरवलं, या माणसाला माणसात आणल्याशिवाय राहायचं नाही. ते दारात थांबले की मी ओरडायचे, "व्हा आत! चला!" ते मुकाट्याने जायचे. मला वाटायचं, सुधारतायत.

सासूबाईंच्या हट्टापायी एका सोमवारी पंचवटीत कपालेश्वराला गेलो. यांना नेते, पण मी काही आत जायची नाही, असं मी निक्षून सांगितलं होतं. पायऱ्या चढून वर आलो आणि दारात हे थबकले. मान खाली, हात मागे. लोक बाजूने जात होते. मी तोंड उघडणार, तोच शेजारी बेल विकणारी एक म्हातारी म्हणाली, "थांब गं. तू नको सांगू त्याला."

"मग ते आत जाणार कसे?" मी खेकसलेच.

"जाईल त्याचा तो. इथं नंदीबी नाय समोर, बघ. महादेवानंच नंदीला सांगितलं, तू नको बसू दाराशी राखणीला. मग तू कशाला पहारा देती? बस माझ्यापाशी."

पहारा! 'व्हा आत, चला' हे शब्द माझे नव्हतेच. आमच्या बराकीवरच्या शिपाईणबाईंचे होते, सूरसुद्धा त्यांचाच. जो आवाज ऐकून चार वर्षं थरथरले, तोच मी घरी घेऊन आले होते, आणि वर त्याला माया समजत होते.

बसले. ओठ दाताखाली दाबून बसले. इतकं अवघड मी तुरुंगातही काही केलं नाही. म्हातारी बेल निवडत राहिली. मनात म्हटलं, महादेवा, माझ्याच्यानं होत नाही आता, तूच बघ. कित्येक वर्षांनी त्याच्याशी बोलत होते. किती वेळ गेला कोण जाणे. ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोलले नाही. मग त्यांनी एक पाय आत टाकला, आणि दुसरा.

मला रडूच कोसळलं. तेवढ्यात आतून हाक आली, माझ्या नावाने. एरवी 'अगं' म्हणणारा माणूस चारचौघांत माझं नाव मोठ्यांदा घेत होता. "ये ना आत. थांबलोय मी."

याच हाकेसाठी चार वर्षं मुलाखतीच्या दिवशी कान लावून बसले होते. डोळे पुसले, पदर सावरला आणि आत गेले.

त्या माउलीचे उपकार मी कसे फेडू? हे अजूनही कधी कधी दारात थांबतात. माझा निश्चय तसूभरही ढळलेला नाही, पण आता मी ओढत नाही, महादेवावर सोपवून भाजी निवडत बसते. सोमवारी दोघं जातो. हे आधी आत जातात. मी बाहेर थांबते, हाक येईपर्यंत.