मंगळवारची रेस्ट

मी रेल्वेत, पूर्णा जंक्शनला पॉइंट्समन आहे, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलतो. आमच्या खात्यात आठवड्याला एक दिवस रेस्ट मिळते आणि माझी रेस्ट बरीच वर्षं मंगळवारी येते. आम्ही ख्रिस्ती, आमचा विसाव्याचा दिवस रविवार. म्हणून मी एक युक्ती काढली. माझ्या एका जोडीदाराची रेस्ट रविवारी असायची, पण त्याला मंगळवार सोयीचा होता. रविवारी माझ्या जागी तो, मंगळवारी त्याच्या जागी मी. साहेबांचीही हरकत नव्हती.

आता रविवारी मी विसावा घ्यायचो का? नाव नको. सकाळी उठून प्रार्थनेचा हॉल उघडायचा, सतरंज्या अंथरायच्या, गीतं चालवायची, दुपारी आजाऱ्यांच्या भेटी, संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना. सोमवारी ड्युटीवर जाताना अंग आंबलेलं असायचं. देवाच्या कामात थकवा कसला, असं मी लोकांना ऐकवायचो. रेस्टच्या दिवशी झाडाखाली पत्ते कुटत बसणाऱ्या सोबत्यांची मला कीव यायची.

स्वभावानं मी तापट. तरुणपणी तोंडाला आणि हाताला, दोन्हीला लगाम नव्हता. आमच्या चर्चच्या पाळकांनी समजावलं आणि मी स्वतःला वळण लावलं. आवाज चढवायचा नाही, चहा बंद, उपवासकाळात एकवेळचं जेवण, डोळ्यांत पाणी आणायचं नाही. लोक म्हणायचे, याच्यासारखा संयम कुणाला जमायचा नाही. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

बाबा गावाकडं, बोरीला एकटेच राहायचे. आई आधीच गेली होती. दीड एकर कोरडवाहू आणि एक बैल. एका बैलावर औत चालत नाही, म्हणून शेजारच्या काकांशी सावड होती: त्यांचा एक, आमचा एक, दोघांची मिळून जोडी. काका सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, महादेवाचा वार म्हणून. बाबा रविवारी ठेवत नसत. त्यामुळं त्या जोडीला सलग दोन दिवस सुट्टी. काका पारावर सांगायचे, "माझा बैल अर्धा किरिस्ताव झालाय." बाबा नुसते हसायचे.

रविवारी बाबा काहीच करायचे नाहीत. अंघोळ, प्रार्थना, मग लिंबाखाली बाज टाकून बसणं. मला ते पटायचं नाही. एकदा मी म्हणालो, "बाबा, देवासाठी काही तरी करावं या दिवशी."

"त्यानं लय करून ठिवलंय," बाबा म्हणाले. "एक दिस ते बघत बसावं की."

मला हा आळस वाटला.

बोरीत आम्हा ख्रिस्ती लोकांची तीन-चार घरं. महिन्यातून एका रविवारी तिथली प्रार्थना चालवायला मी जायचो. बाबा बाकीच्यांसारखे सतरंजीवर मांडी घालून ऐकायचे. आमेन झालं की मी पिशवी उचलायचो, कारण परभणीची शेवटची बस गाठायची असायची. बाबा रस्त्यापर्यंत सोबत यायचे. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी विचारलं, "राहतोस का आज? बोलत बसू."

"उद्या ड्युटी हाय, बाबा."

"मग रेस्ट कवा असती तुला?"

"मंगळवारी."

एवढंच बोललो. ती रेस्ट मी कधीच देऊन टाकली आहे, हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग सुट्टी घे. घरचा रुसवा-फुगवा नको, म्हणून गप्प बसलो. तेव्हा हाही मला संयमच वाटला.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी पहाटे बाबा बाजेवरच गेले. काकांनी फोन केला. मी ड्युटी सोडून निघालो, दुपारी बोरीला पोचलो. बांधाला आईशेजारी त्यांना पुरलं. गीतं मीच म्हटली, आवाज कुठं फुटू दिला नाही. माती देऊन परतताना पूर्णेहून आलेली मंडळी आपसात म्हणत होती, केवढं धीराचं माणूस.

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, म्हणून संध्याकाळी काकांच्या घरून कडू घास आला, पिठलं आणि भाकरी. काका माझ्याशेजारी बसले. मी उगाच काही तरी बोलायचं म्हणून विचारलं, "काका, पेरणी कुठवर आली?"

"लय मागं पडली," ते म्हणाले. "ज्वारी आजून निम्मी ऱ्हायली. तीन तीन दिस बैल बांधून ठिवल्यावर काय व्हनार?"

"तीन कसे? रविवार, सोमवार."

"आन् मंगळवार." काकांनी भाकरीचा तुकडा मोडला. "उन्हाळ्यापासून तुझा बाप मंगळवारी औत धरंना. म्हनायचा, पोराची रेस्ट असती, आला आन् मी रानात असलो तर कसं व्हईल? सकाळच्या बसपासून लिंबाखाली बसून ऱ्हायचा. म्या लय भांडलो. म्हनलं, फोन कर त्याला. तर म्हनला, न्हाई, दमून येतं लेकरू, त्याच्या मनानं येऊ दे."

मी हातातली भाकरी ताटात ठेवली. मग मी ओरडून रडलो. पूर्णेची मंडळी अजून ओट्यावर होती, बायका दारात आल्या, कुणी पाणी पुढं केलं. मला कशाचंच भान नव्हतं. काकांनी उगी राहा म्हटलं नाही. ते जेवत राहिले आणि त्यांच्याही गालांवरून पाणी ओघळत होतं.

उन्हाळा ते दिवाळी, किती मंगळवार झाले असतील, ते मोजायची माझी हिंमत नाही. बाबा वाट बघत होते तेव्हा मी दुसऱ्याच्या ड्युटीवर होतो, आणि ते लोकांना सांगताना मला अभिमान वाटायचा.

जोडीदाराला मी सांगून टाकलं, आता अदलाबदल नको. त्यानं कारण विचारलं नाही. आता मंगळवारी मी मोकळा असतो. पहिल्या मंगळवारी बोरीला गेलो, बाज टाकली, बसलो. सकाळची बस आली, माणसं उतरली, आपापल्या घरी गेली. बाबांना दर मंगळवारी हेच दिसत असणार. मी दुपारपर्यंत बसून राहिलो आणि मग कुलूप लावून निघालो.