कुरडयांचा डबा

जूनचा दुसरा रविवार, हिंगणघाट. हजर: सासूबाई, हे, धाकटे दीर मनोहरभाऊजी, जाऊ सुनंदा आणि मी. गैरहजर कोणी नाही. पुराच्या तयारीला आमच्याकडे कोणी सुट्टी घेत नाही.

आता जे लिहिते आहे ते मी आजवर कोणाजवळ बोललेली नाही. ह्यांच्याजवळसुद्धा नाही.

पावसाळ्यात वणा नदीचं पाणी आमच्या गल्लीत शिरतं, म्हणून दरवर्षी यादी मी करते. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, गहू माळ्यावर, कपाटाखाली विटा. काम झालं की टिक. सगळीकडे टिक मारलेला कागद पाहिला की मला कसं गार वाटतं — आणि तिथंच तर घात झाला. सात वर्षांपूर्वी सासूबाईंच्या कुरडयांचा डबा माळ्यावर न्यायचं काम मी भाऊजींच्या नावावर लिहिलं. त्यांना सांगायचंच राहिलं. पण यादी पुरी दिसावी ना? टिक मारून टाकली. पाणी आलं, आणि पलंगाखाली वर्षभराच्या कुरडया अशा फुगल्या की डब्याचं झाकणच उडालं!

"डबा कोनाकडे होता?" सासूबाईंनी विचारलं. मी यादी पुढे केली. वर मी सांगितलं, भाऊजी 'नेतो' म्हणाले होते.

ते खोटं होतं.

आणि भाऊजी? डोकं खाजवत म्हणाले, "राह्यलं असंन माह्याच्यानं."

तेव्हापासून त्यांच्या हाती फक्त विटा. "त्याले इटाच द्या, भिजल्या तरी चालते!" सासूबाई दरवर्षी म्हणतात. सगळे हसतात. मीही हसते — सगळ्यांपेक्षा जोरात.

आज विटा लावून झाल्या आणि भाऊजी माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "वैनी, यंदा तरी डबा मले द्या नं."

दिला. डोक्यावर घेऊन ते शिडी चढले, सुनंदानं खालून थाळी वाजवली, सासूबाई ओरडल्या, "पाडू नोको रे बाप्पा!" वरून आवाज आला, "पोचला, आई! टिक मारा, वैनी!" सासूबाई इतक्या हसल्या की पदरानं डोळे पुसावे लागले. संध्याकाळी त्यांनी कुरडया तळल्या, आणि सगळ्यात मोठी भाऊजींच्या ताटात वाढली.

शिडी तर मीच धरून उभी होते. तेव्हा बोलता आलं नसतं का? आलं असतं.

यादीत एक ओळ मी आत्ता वाढवली आहे: आईंसमोर भाऊजींना खरं सांगणे. तिच्यापुढे टिक नाही.