मापाचे ब्लाउज

ऑपरेशनसाठी चंद्रपूरला निघण्याआधी मी घरातली एकच वस्तू लपवली, माझी कात्री. सिंदेवाहीत वीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवतेय, आणि ही कात्री मी नवऱ्यालाही साधा दोरा कापायला दिलेली नाही. जुन्या लुगड्यात गुंडाळून ती गादीखाली सरकवली आणि निश्चिंत मनानं बसमध्ये बसले. केवढी मी शहाणी!

उजव्या मनगटातली नस दबली होती. बोटांना सारख्या मुंग्या यायच्या, सुई हातातून कधी पडली तेही कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लहानसं आहे, पण दीड महिना कात्री नाही, मशीन नाही, धुणं पिळणं नाही. नेमके लग्नसराईचे दिवस. तरी माझ्या बायका माझ्यासाठी थांबतील अशी मला खात्री होती. का नाही थांबणार? त्यांची मापं माझ्याकडे होती. अंगाला नीट बसणारा एक जुना ब्लाउज प्रत्येकीनं माझ्याकडे ठेवलेला. त्यावरून मी नवा बेतायचे. असल्या ब्लाउजांनी भरलेली लोखंडी पेटी मशीनशेजारीच होती. तिला कुलूप लावायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

घरी परतल्यावर माझं सगळं धाकट्या जावेनं केलं. खोटं कशाला बोलू? तिनं भात कालवून दिला, माझे हूक लावले, रोज सकाळी पट्टीबाहेरच्या बोटांना तेल चोळून अंगणात माझी वेणी घातली. तिला शिवणकाम मीच शिकवलेलं. माझ्या ब्लाउजांची तुरपाई तीच करायची. मागच्या खोलीतून तिच्या मशीनचा आवाज यायचा. विचारलं की म्हणायची, "पोरीचे फ्रॉक शिवून राह्यली, बाई." मी आपली रबरी चेंडू दाबत बसायचे आणि मनात म्हणायचे, सख्ख्या बहिणीनंही इतकं केलं नसतं.

टाके निघाले, पट्टीही गेली. महिना होत आला तेव्हा पलीकडच्या गल्लीत हळदीला गेले. तिथे माझी एक जुनी गिऱ्हाईक नव्या हिरव्या ब्लाउजात मिरवत होती. मागचा गळा पानाच्या आकाराचा, माझाच. आणि कडेची तुरपाई बारीक, घट्ट, एका सुतात. ती कुणाची हे विचारायची मला गरजच नव्हती.

"तुमच्याच घरी तं शिवला, बाई," ती हसत म्हणाली. मग तिनं माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. "तुमची जाऊ सांगे, मोठ्या बाईचा हात आता काई कामाचा राह्यला नाई. आमच्या साऱ्याजणींचे ब्लाउज तिच्याचकडं आहेत आता."

मी न जेवताच निघाले. घरी येऊन पेटी उघडली. तळाला दोन गंजके हूक आणि एक रिकामं रीळ. गादीखाली कात्री मात्र जागच्या जागी होती. मी कात्रीची राखण करत बसले आणि वीस वर्षांच्या माझ्या बायका पेटीतून निघून गेल्या. काम नेलं याचा एवढा राग नव्हता. लग्नं काय माझ्या मनगटासाठी थांबणार होती? मला विचारलं असतं तर मीच तिला पेटी उघडून दिली असती. पण माझा हात गेला म्हणून गावभर सांगायचं आणि सकाळी त्याच हाताला तेल चोळायचं! इतका दगा मला आयुष्यात कुणी दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी फणी घेऊन आली. मी तिच्यापुढे बसले. तिनं तीन पेड काढले. वेणी निम्मी झाली तेव्हा मी विचारलं, "माझा हात गेला म्हणून काऊन सांगतलं तू बायांले?"

तिचे हात थांबले. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. ती हळूच म्हणाली, "तसं नसतं सांगतलं तं त्या तुमच्यासाठी थांबल्या असत्या, बाई."

उठावं, तिच्या हातातले केस हिसकावून घ्यावेत, असं फार वाटलं. पण माझ्या अंगठ्यात अजून एक पेड धरण्याइतकाही जोर नव्हता. मी बसून राहिले, आणि तिनं माझी वेणी पुरी घातली.