इनास मास्तरांचं तपकिरी कपाट

इनास मास्तरांना होडी लागत असे. घाटावरच्या माणसाला होडी लागली तर त्याला कुणी हसत नाही. पण चौक गावच्या किनाऱ्यावर, पिढ्यान्‌पिढ्या मासे मारणाऱ्या घरात जन्माला यावं आणि बंदर सुटायच्या आत ओकाऱ्या सुरू व्हाव्यात, म्हणजे आईबापांनी तोंड कुठं लपवावं? बापानं दोन-तीन मोसम पोराला होडीत घालून पाहिलं, मग हात टेकले. म्हणाला, "याला मास्तर करा. मास्तर जमिनीवं असतो." विद्येवरच्या एवढ्या थोर श्रद्धेपोटी इनास शिकले, फायनल पास झाले आणि छत्तीस साली गावातल्याच मराठी शाळेत चिकटले. बाप्तिस्म्याचं नाव इग्नेशियस, पण ते फक्त पगारपत्रकावर.

नेमणूक मात्र हंगामी होती. हंगामी हा शब्द मासळीला शोभतो, माणसाला नाही. नोकरी गेली तर थोरल्या भावाची होडी होतीच, आणि होडी म्हटली की मास्तरांच्या पोटात आधीच ढवळायला लागे. तेव्हा कायम होणं, एवढी एकच गोष्ट ते देवाकडे रोज मागत. बाकी काही मागायची त्यांना सवड नव्हती.

अशात शिक्षण खात्याला सुचलं की शाळा तिथे वाचनालय हवं. निम्मे पैसे खातं देणार, निम्मे गावानं घालायचे. गाव म्हणजे दोन माणसं. डॉमनिक तांडेल हे देवळातले, म्हणजे चर्चमधले, पुढारी. आणि कमळाकर तांडेल हे दर्यावरच्या मंदिराचे. दोघांच्या स्वतःच्या होड्या, दोघं शाळेच्या कमिटीवर, आणि दोघांचं एकमेकांशी बरं होतं, कारण एकमेकांच्या वाट्याला कुणी जात नसे. दोघांनी सारखे पैसे घातले आणि दोघांनी एकच सांगितलं: "पैसे अर्धे माजे, तं पुस्तकां पन अर्धी माजी."

पुस्तकं निवडायला बसले तो दिवस मास्तर जन्मभर विसरले नाहीत. खात्याची यादी मास्तरांनी मोठ्यानं वाचायची आणि या दोघांनी नुसतं नाव ऐकून माना हलवायच्या. नावात संत आला की डॉमनिककाका घ्या म्हणत. त्यातले कितीतरी संत भलत्याच पंथाचे निघतील, हे सांगायची मास्तरांची छाती नव्हती. नावात देव आला की कमळाकरकाका घ्या म्हणत. गणित, इतिहास, मधमाश्या, आरोग्य ही बिचारी नावं आली की दोघंही तंबाखू मळत. पुस्तक उघडून बघावं असं कुणाच्या मनात आलं नाही. नारळसुद्धा आपण हलवून घेतो. पण पुस्तकाचं काय हलवायचं?

कपाट आलं आणि नवीच कटकट उभी राहिली. वरचा कप्पा कुणाचा? ज्याचा खाली, तो खालचा ठरणार. म्हणून सुताराकडून मधोमध उभी फळी मारून घेतली. तर उजवी बाजू कुणाची? शुभकार्य उजव्या हातानं करतात, हे दोन्ही धर्मांना मान्य. शेवटी मास्तरांनी डोकं चालवलं. डॉमनिककाकांना कपाटाकडे तोंड करून उभं केलं आणि कमळाकरकाकांना कपाटाकडे पाठ करून. दोघांनी आपापला उजवा हात वर केला आणि दोघांचा कप्पा उजवाच निघाला. एवढी अक्कल मास्तरांनी आयुष्यात पुन्हा कधी दाखवली नाही.

पुढे झालं काय, तर पुस्तकं कुणीच नेईना. डॉमनिककाकांच्या माणसांनी त्यांच्या कप्प्यातल्या गोष्टी प्रवचनात ऐकलेल्या, कमळाकरकाकांच्या माणसांनी त्यांच्या कप्प्यातल्या कीर्तनात. आणि पलीकडच्या कप्प्याला हात लावायची पोरांना घरून बंदी. वाचायला येई ती फक्त कसर. तिला डावं-उजवं काही नव्हतं. समुद्राची दमट हवा, बांधणीला लावलेली खळ, आणि आजन्म बंद असलेलं कपाट. कसरीनं पुढची पानं खाल्ली, मागची खाल्ली, पुठ्ठ्यांची चाळण केली.

अडतीसच्या उन्हाळ्याआधी तपासनीससाहेब आले. भाईंदर स्टेशनापासून मिठागरांच्या बांधावरून चालत आल्यामुळे आधीच तापलेले. त्यांनी एक पुस्तक उघडलं, त्यातून कसर सरसरत त्यांच्या बाहीत शिरली, आणि ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, पावसाळ्यानंतर मी पुन्हा येईन. हेच दिसलं तर तुम्हाला कायम करण्याची शिफारस माझ्याकडून होणार नाही."

त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. आई, टेरेझाबाई, ताटाशी बसून राहिली. लेक शिकला म्हणजे नक्की काय करतो हे तिला कधी उमगलं नव्हतं, पण लेकाचं तोंड उतरलेलं तिला कळत होतं. तिनं खोदून खोदून विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आये, पुस्तकं कुजली. आता माझं खरं न्हाय."

"कुजली, येवढाच ना?" आई म्हणाली.

मास्तर शिक्षकांच्या सभेला ठाण्याला गेले होते तेव्हा तिनं उरकून घेतलं. तो गावात जाळ्यांना साल द्यायचा दिवस होता. सुती जाळं कुजू नये म्हणून ऐनाच्या झाडाची साल मोठ्या पिंपात उकळत आणि तो लालतपकिरी काढा जाळ्यांना पाजत. टेरेझाबाईंनी शेजारणींना हाकारलं, फडताळातली किल्ली घेतली आणि कपाटच रिकामं केलं. कागद काढ्यात बुडवायचा नसतो, एवढी अक्कल त्यांना होती. त्यांनी काथ्याच्या कुंच्यानं पुठ्ठ्यांना, पाठीला, कडांना दोन-दोन हात मारले. त्याआधी, जाळ्याची कुजकी कड कापतात तशी, प्रत्येक पुस्तकाची खाल्लेली पानं पुढून आणि मागून कोयत्यानं साफ छाटून टाकली. सैल झालेल्या बांधण्या जाळ्याच्या सुतानं आवळून शिवल्या.

मास्तर परत आले तेव्हा बोंबील सुकवायच्या दोऱ्यांवर वाचनालय वाळत होतं. सगळी पुस्तकं एका रंगाची, पालथी, ओळीनं.

"साल दिली का धा वरसां कुजाचा नाव न्हाय," आई कौतुकानं म्हणाली. "आता तुजा सायेब येऊ दे."

आई रागवायच्या पलीकडची होती. मास्तरांनी पुस्तकं उचलून आणली. वरचं नाव गेलेलं, आतलं नावाचं पान छाटलेलं. संत कुठला आणि देव कुठला, बाहेरून ओळखायची सोय उरली नव्हती. मिळेल त्या कप्प्यात मास्तरांनी ती कोंबली आणि कपाळाला हात लावून बसले.

आणि मग गंमत झाली. पोरं पुस्तकं मागायला लागली. घरी कुणी विचारलं, कुठल्या कप्प्यातलं, तर सांगायला काही नाव नाही, आणि पुस्तकाला आपल्याच घरातला वास. जाळ्याच्या वासाच्या वस्तूला परकं कोण म्हणेल? पोर वाचायला बसे, पाचसहा पानांनी कळे की ही गोष्ट पलीकडच्यांची आहे, पण तोवर राक्षस गुहेत शिरलेला असे किंवा संताला सिंहापुढे टाकलेलं असे. तिथं पुस्तक मिटणारा मुलगा अजून जन्माला यायचाय. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असत, तेव्हा जाळी विणताना बायका पोरांकडून वाचून घ्यायला लागल्या. मास्तरांना पहिल्यांदा वाटलं की आपण खरोखरच मास्तर आहोत. कपाट अर्धं रिकामं दिसलं की त्यांना आनंदानं भरून येई, आणि साहेब आठवला की पावसाळ्याचे किती दिवस उरले ते मोजू लागत.

साहेब आले. त्यांनी कपाट उघडलं, तपकिरी पाठींवरून बोट फिरवलं आणि खूश झाले. म्हणाले, "एकसारखी बांधणी. अशी शिस्त मी जिल्ह्यात पाहिली नाही. कीडही नाही. फक्त नावं घाला, वर्गवारीनं लावा, आणि कमिटीच्या दोघा सभासदांचं समाधान झाल्याचं लेखी पाठवा. तुमचं काम झालंच म्हणून समजा."

घ्या. नावं घातली तर मास्तर कायम होणार आणि पुस्तकं पुन्हा कसरीकडे जाणार. मास्तर काही शूर माणूस नव्हते. होडीत बसायला घाबरणाऱ्या माणसाकडून शौर्याची अपेक्षा कोण करील? पण भित्र्या माणसाला एक विद्या येते, लबाडी. त्यांनी सुबक अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या आणि देवाच्या पुस्तकांना संतांची, संतांच्या पुस्तकांना देवांची नावं चिकटवली. अगदी सगळ्यांना नाही, अधूनमधून. कमिटी कपाट बघायला आली. कमळाकरकाकांनी आपल्या बाजूची नावं लांबून वाचून घेतली, देव मोजले, ते बरोबर भरले, आणि सही ठोकली.

डॉमनिककाका सही करणार, एवढ्यात त्यांचा भार दुखऱ्या गुडघ्यावर आला आणि ते खाली टेकले. टेकल्यावर समोर आलं ते पुस्तक त्यांनी ओढलं. चिठ्ठीवर होतं, 'संतांच्या आयुष्यातील प्रसंग'.

"घरी बसूनच हाय मी," ते म्हणाले. "आयरिन वाचून दाकवंल. बगतो एकदा, मग सही करतो." आयरिन ही त्यांची नात, मास्तरांच्याच शाळेत चौथीला.

मास्तरांच्या पायाखालची वाळू सरकली. ते पुस्तक समुद्राच्या देवाचं होतं. त्यात एका नावाड्याची बायको होती; नवरा दर्यात गेला तो आलाच नाही, म्हणून ती किनाऱ्यावर बसून देवाशी भांडते. कमळाकरकाकांनी नाव ऐकून घेतलेलं पुस्तक. मास्तरांनी ते संतांत टाकलं होतं.

पुढचे दिवस मास्तरांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. आयरिन शाळेत येई, तिला विचारायची हिंमत होईना. भावानं एकदा सहज म्हटलं की होडीला एक माणूस कमी पडतोय, तर मास्तर उठून अंगणात गेले.

शेवटी एका संध्याकाळी डॉमनिककाका काठी टेकत शाळेत आले. मुलं गेली होती. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. त्यांचा धाकटा मुलगा, बेंजामिन, चार वर्षांमागे वादळात गेला होता. होडीची एक फळी मिळाली, तो मिळाला नाही. गावानं चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना केली, रिकामी कबर केली, आणि त्या दिवसापासून डॉमनिककाकांनी पोराचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. गावानंही नाही.

"मागली पानां न्हाईत," ते म्हणाले. "ती बाय दर्याशी भांडतंय तिथवर हाय. पुडं कापलाय." मग टेबलाकडे बघत म्हणाले, "तिचा घोव परत येतो का?"

मास्तरांना शेवट माहीत नव्हता. त्यांनी पुस्तकं चिठ्ठ्या लावण्यापुरती चाळली होती, आणि मागली पानं कधीच चुलीत गेली होती. माहीत नाही म्हटलं असतं तर सही झाली असती, नोकरी वाचली असती. तोंडापर्यंत आलंही होतं. पण म्हातारा टेबलाची कड धरून उभा होता आणि त्याची बोटं पांढरी पडली होती. मास्तरांना त्याच्याकडे बघवेना.

"काका, हे पुस्तक तुमच्यातलं नाय," ते म्हणाले. "चिठ्ठी मी खोटी लावली. हे कमळाकरकाकांनी घेतलेलं. शेवट त्यांना कीर्तनात ऐकून ठाऊक असणार."

"खुळा समजतं मना?" डॉमनिककाका म्हणाले. "चवथ्या पानावं समजला मना." आणि पुस्तक काखेत मारून ते कमळाकरकाकांच्या, दर्याकडच्या आळीला निघाले. त्या आळीत ते लग्नकार्याखेरीज कधी गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आयरिननं कागद आणून दिला. सही होती. मास्तरांनी ती तीनदा वाचली. सहीत वाचण्यासारखं काही नसतं, तरी वाचली. मग न राहवून ते कमळाकरकाकांकडे गेले. कमळाकरकाका ओटीवर जाळं दुरुस्त करत होते.

"काका, काल डॉमनिककाका आले होते?"

"आलता. बसला लय येळ. च्या पिऊन गेला."

"तुम्ही शेवट सांगितलात?"

"सांगितला. घोव परत येतो म्हनला मी. देव आनून सोडतो त्याला, म्हनला." कमळाकरकाकांनी गाठ मारली, सूत दातानं तोडलं. "रडला रं तो. मोठ्यानी."

मास्तर ओटीच्या कडेला टेकले. मग म्हणाले, "पुस्तकात तसंच आहे का?"

"मना काय म्हायीत?" कमळाकरकाका म्हणाले. "मी कवा वाचलाय? मी तं नाव आयकून घेतलेला."